शाळेसाठी जुने वॉकीटॉकी : निवड, तयारी आणि निरोपाचा पाठ



वॉकीटॉकी म्हटलं की आपल्याला पोलीस आठवतात, नाहीतर जत्रेत मिळणारं, दोन दिवसांत बंद पडणारं खेळणं आठवतं. शाळेच्या साहित्याच्या यादीत हे नाव सहसा नसतं. पण ज्यांची शाळा डोंगरात आहे, जिथे मोबाईलची रेंज शोधायला रस्त्यावरच्या एका ठराविक वडाखाली जावं लागतं, त्यांना या वस्तूचा फार उपयोग होऊ शकतो. नवीन संच घेणं परवडत नसेल तर वापरलेले, जुने संचही चालतात. फक्त ते कोणते घ्यायचे, कसे तपासायचे, कसे लावायचे आणि मुख्य म्हणजे त्यावर बोलायचं कसं, हे आधी माहीत हवं. मी काही या विषयातली तंत्रज्ञ नाही. डी.एड. झालेली साधी प्राथमिक शिक्षिका आहे. एका वर्षात जे करून पाहिलं तेच तुमच्यासमोर ठेवते.

आम्हाला गरज कशाची होती?

आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते पाचवी. पटातली अकरा मुलं ओढ्यापलीकडच्या वाडीतून येतात. मध्ये फरशी आहे. फरशी म्हणजे कठडा नसलेला ठेंगणा पूल, ज्याच्यावरून पावसाळ्यात पाणी जातं. शाळेतून ओढा दिसत नाही, मध्ये टेकाड आहे. वर डोंगरात पाऊस झाला की शाळेच्या अंगणात ऊन असतानाही फरशीवर पाणी चढतं. पाच वाजता शाळा सुटताना आम्हाला एकच गोष्ट कळायला हवी असते, मुलांना सोडायचं की थांबवून ठेवायचं. जुलैत वीज गेली की मोबाईलचा टॉवरही जातो, म्हणजे नेमकं ज्या दिवशी विचारायचं त्याच दिवशी विचारता येत नाही.

शाळेपासून फरशीपर्यंत अंतर साधारण नऊशे मीटर. फरशीला लागूनच एक घर आहे. तिथल्या आजी दिवसभर घरी असतात आणि त्यांच्या ओसरीतून पाणी दिसतं. त्यांनी पाहायचं आणि आम्हाला सांगायचं, एवढंच काम. हे अंतर आणि हे काम मी आधी वहीत लिहून ठेवलं. तुम्हीही तसंच करा असं मी सुचवेन. कारण वॉकीटॉकी विकणारा पहिलं वाक्य रेंजचंच बोलतो, आणि आपल्याला किती हवी हे ठरलेलं नसेल तर जास्त रेंजवाला संच चांगला असं आपल्याला वाटायला लागतं.

कायदा आधी, संच नंतर

आपल्याकडे कोणीही, कोणत्याही लहरीवर बोलू शकत नाही. बिनतारी संच बाळगायला परवाना लागतो, आणि हा नियम १९३३ च्या कायद्यापासून चालत आला आहे. मात्र कमी ताकदीच्या काही संचांना सरकारने परवान्यातून सूट दिली आहे. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले, जास्तीत जास्त अर्धा वॅट ताकदीचे आणि अँटेना जोडूनच आलेले छोटे हातातले संच विनापरवाना वापरता येतात. त्यातही दोन अटी आहेत. आपल्यामुळे दुसऱ्याच्या बोलण्याला अडथळा होता कामा नये आणि आपल्याला कोणाचा अडथळा झाला तर तक्रार करता येत नाही. शिवाय त्या मॉडेलला केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाची ईटीए मान्यता असायला हवी. जुना संच घेताना मूळ मालकाकडे पेटी किंवा बिल असेल तर त्यावर हे पाहून घ्या. नसेल तर मॉडेल क्रमांकावरून चौकशी करा.

जुन्या संचांच्या बाबतीत फसायला होतं ते दोन प्रकारांत.

पहिला प्रकार म्हणजे परदेशातून आलेला संच. कोणाचा तरी नातेवाईक अमेरिकेहून येताना मुलांसाठी जोडी घेऊन येतो, ती घरात पडून असते आणि 'शाळेला घ्या' म्हणून आपल्याकडे येते. दिसायला अगदी तसाच. पण अमेरिकेतले घरगुती संच ४६२ ते ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. तो पट्टा आपल्याकडे या सवलतीत नाही. संचाच्या पाठीमागे किंवा बॅटरीच्या खाली लेबल असतं, ते वाचा. तिथे ४४६ दिसलं तर पुढे जायचं.

दुसरा प्रकार म्हणजे मोठे, जाड अँटेनाचे, हवी ती लहर टाकता येणारे संच. आमच्याकडे एक पालक असेच दोन संच घेऊन आले होते. ते शहरात सुरक्षारक्षकाचं काम करायचे, तिथून जुने म्हणून मिळालेले. पाच वॅटचे. "बाई, याची रेंज बघा, पलीकडच्या खोऱ्यात जाईल," असं त्यांनी फार आपुलकीने सांगितलं. त्यांना नाही म्हणणं मला जड गेलं. माणूस सुट्टीच्या दिवशी एसटीने ओझं घेऊन आला होता. मी त्यांना बसवून चहा दिला आणि आपली वही दाखवली. गरज नऊशे मीटरची. हा संच पलीकडच्या खोऱ्यात जाईल हे खरं, पण तिथे त्या लहरीवर कोण बोलत असेल ते आपल्याला माहीत नाही. पोलीस असतील, वनखातं असेल. मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली सोय दुसऱ्या कोणाच्या सुरक्षेच्या आड यायला नको. ते थोडे हिरमुसले. पण पुढे रेंजची चाचणी घ्यायला हेच पालक सर्वांत जास्त चालले, हेही सांगायला हवं.

शेवटी डोंगर चढणाऱ्या एका ओळखीच्या गटाकडून आम्हाला ४४६ वाले चार जुने संच मिळाले. दोन वापरायला, दोन राखीव.

हातात आल्यावर काय तपासायचं?

१. सेलची जागा. झाकण उघडून आधी तिथे बघा. जुन्या संचात साधे अल्कलाईन सेल वर्षानुवर्षं राहिलेले असतात, ते गळतात आणि स्प्रिंगवर पांढरी भुकटी जमते. हा क्षार त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो, म्हणून हे काम मुलांना देऊ नका. हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन हलक्या हाताने पुसा. मग स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्या. आमच्या चारपैकी एका संचाची स्प्रिंग पार गंजून तुटली होती, तो बाजूला ठेवला.

२. सेल कोणते? बरेच लहान संच तीन बारीक सेलवर चालतात. रिचार्जेबल सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचा, साधा अल्कलाईन १.५ व्होल्टचा. संच दोन्हींवर चालला तरी चार्जिंगच्या स्टँडवर साधे सेल ठेवून चार्ज करायचे नाहीत, ते गळतात, तापतात, फुटूही शकतात. जुन्या संचाबरोबर आलेले जुने रिचार्जेबल सेल बहुधा दमलेले असतात. रात्री पूर्ण चार्ज करून सकाळी संच चालू ठेवा आणि संध्याकाळपर्यंत टिकतो का ते बघा. आम्ही सगळे सेल नवीनच घेतले. जुन्या संचात पैसे घालायचे असतील तर ते इथेच घालावेत.

३. बोलायचं बटण, माईक आणि स्पीकर. दोघांनी दोन खोल्यांत उभं राहून तपासा. अगदी शेजारी उभं राहिलात तर संच शिट्टी मारतात, तो बिघाड नव्हे. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरून परत फिरतो, म्हणून तसं होतं. बटण पाच-पन्नास वेळा दाबून बघा. जुन्या संचात हे बटण झिजलेलं असतं आणि बोलता बोलता सुटतं.

दोन्ही संचांचं जमवून देणं

जुन्या संचात आधीच्या मालकाची मांडणी तशीच असते. माहितीपत्रक मिळालं तर त्यात बघून मूळ मांडणी परत आणा. नाही मिळालं तर हाताने पुढच्या गोष्टी करा.

चॅनेल दोन्हीकडे एकच लावा. काही जुन्या संचांत ८ चॅनेल असतात, नव्यांत १६. पहिले आठ दोन्हीकडे सारखे असतात, तेव्हा दोन वेगळे संच असतील तर आठाच्या आतला चॅनेल निवडा.

चॅनेलच्या शेजारी बारीक अक्षरात दुसरा आकडा दिसतो, तो टोन कोड. दोन्ही संच एकाच चॅनेलवर आहेत तरी आवाज येत नाही अशी तक्रार असेल, तर नव्वद टक्के वेळा कोड वेगळा असतो म्हणा ना! सुरुवातीला दोन्हीकडे कोड शून्य करा, म्हणजे बंद. बोलणं सुरू झालं की मग हवा तर कोड लावा. काही ठिकाणी याला 'प्रायव्हसी कोड' म्हणतात, ते नाव दिशाभूल करणारं आहे. कोड लावला म्हणजे आपल्या संचाचा स्पीकर फक्त त्या कोडच्या आवाजालाच उघडतो, इतकंच. आपलं बोलणं मात्र त्या चॅनेलवरच्या कोणालाही ऐकू जातं. म्हणून मुलांची नावं, घरच्या गोष्टी, कोण एकटं घरी आहे वगैरे वॉकीटॉकीवर बोलायचं नाही हा आमचा नियम आहे.

'व्हॉक्स' नावाची सोय असते, बटण न दाबता आवाजावर संच आपोआप चालू होतो. ती बंद ठेवा. आमच्या शाळेवर पत्रा आहे. पावसाळ्यात त्या पत्र्याचा आवाज संचाला बोलणं वाटतो आणि तो सारखा पाऊसच पाठवत बसतो. बोलणं संपल्यावर 'टुक' असा आवाज येण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. समोरच्याला कळतं की आता आपली पाळी. सगळं झालं की बटणं लॉक करा.

आजींना वाचता येत नाही. त्यांच्या संचावर आम्ही बोलायच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि बाकीच्या बटणांवर चिकटपट्टी लावली. संच पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला, कारण हे संच पावसात भिजण्यासाठी बनवलेले नाहीत. पातळ पिशवीतून आवाज नीट जातो.

रेंज पायाने मोजायची

पेटीवर लिहिलेली रेंज दोन डोंगरांच्या माथ्यावरून मोकळ्या हवेत घेतलेली असते असं समजा. या लहरी साधारण नजरेसारख्या सरळ जातात. ४४६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ६७ सेंटिमीटर लांबीची असते. टेकाड, दगडी भिंत, दाट ओली झाडी, एवढंच काय आपलं स्वतःचं शरीरही तिला अडवतं. पावसाचे थेंब मात्र तिला फारसे अडवत नाहीत. पाऊस पडतोय म्हणून संच चालणार नाही असं नसतं.

आम्ही मे महिन्यात चाचणी घेतली. मुख्याध्यापक सर शाळेत थांबले, आम्ही काही पालक आणि चौथी-पाचवीची मुलं दर शंभर पावलांवर थांबत ओढ्याकडे गेलो. प्रत्येक थांब्यावर पाच अंक सांगायचे, समोरच्याने ते परत म्हणायचे आणि वहीत 'स्वच्छ', 'खरखर' किंवा 'नाही' असं लिहायचं. वर्गात संच धरला तर आजींच्या ओसरीत काहीच येत नव्हतं. वऱ्हांड्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, पायरीवर उभं राहिलं की आवाज स्वच्छ. टेकाडाच्या कडेने तेवढीच मोकळी वाट होती. त्या पायरीवर आम्ही ऑईलपेंटने पांढरा गोल काढला. वॉकीटॉकीवर बोलायचं तर गोलात उभं राहून, संच उभा धरून, तोंडापासून चार बोटं लांब ठेवून. जुलैत झाडी दाटल्यावर हीच चाचणी पुन्हा घेतली. थोडी खरखर वाढली, बोलणं समजत होतं. तुम्हीही चाचणी दोन ऋतूंत घ्या. उन्हाळ्यातला निकाल पावसाळ्यात तसाच राहील असं धरू नका.

खरी अडचण भाषेची निघाली

इथपर्यंतचं सगळं कोणीही मेकॅनिक सांगेल. पुढचं मात्र भाषा शिकवणाऱ्या माणसाच्या कामाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोबाईलवर दोघं एकदम बोलू शकतात. वॉकीटॉकीवर एका वेळी एकच बोलू शकतो, बटण दाबलेलं असताना आपल्याला समोरचं काहीही ऐकू येत नाही. शिवाय बटण दाबल्याबरोबर संच बोलायला तयार होत नाही, क्षणभर लागतो. नवीन माणूस बटण दाबतानाच बोलायला लागतो आणि शेवटचा शब्द तोंडात असतानाच बटण सोडतो. त्यामुळे वाक्याची दोन्ही टोकं कापली जातात.

मैदानावर सराव करताना आमच्या चौथीतल्या एका मुलीने निरोप दिला, "मुलांना पाठवू नका." पलीकडच्या मुलाने वहीत लिहिलं, "मुलांना पाठवू." सगळी मुलं हसली. मला मात्र हसू आलं नाही. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. पाठवू नका, येऊ नका, पाणी नाही, धोका नाही. आणि वॉकीटॉकीवर नेमकं शेवटचंच कापलं जातं. मग 'धोका नाही' हे पलीकडे 'धोका' म्हणून पोचतं आणि 'पाठवू नका' हे 'पाठवू' म्हणून. पहिल्यात निदान मुलं थांबतील. दुसऱ्यात काय होईल ते सांगायला नको.

आम्ही मुलांसमोरच हा प्रश्न ठेवला. नकार न वापरता निरोप कसा द्यायचा? एकाने सुचवलं, 'पाठवा' आणि 'थांबवा' असे दोन शब्द घेऊ. करून बघितलं. सुरुवात कापली गेली की दोन्ही '...वा' असेच ऐकू येतात. 'सुरक्षित' आणि 'असुरक्षित' यांचं तर विचारूच नका, पहिला 'अ' गेला की संपलं! मग एकमेकांशी कुठेच न जुळणारे शब्द शोधायचं काम सुरू झालं. दोन दिवस मुलं जोड्या आणत होती आणि मैदानावर तपासत होती. शेवटी 'हिरवा' आणि 'लाल' टिकले. अर्धा कापला तरी एकाचा दुसरा होत नाही.

आकड्यांचंही तसंच. 'सात' आणि 'आठ', 'सात' आणि 'साठ' खरखरीत सारखेच वाटतात. 'पंचवीस' आणि 'पंचावन्न' यांची सुरुवात एकच. त्यामुळे आकडे सुटे सांगायचे, दोन, पाच. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातल्या 'वीस एक' अशा वाचनावरून केवढा वाद झाला होता, तुम्हाला आठवत असेल. त्या वादात मला पडायचं नाही. पण संख्यानाम कानाला कसं ऐकू येतं, हा प्रश्न मुलांना पहिल्यांदा वॉकीटॉकीमुळे पडला, एवढं खरं.

अक्षरांसाठी जगभर 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' ही यादी वापरतात. ती आज आहे त्या रूपात १९५६ पासून विमानवाहतुकीत लागू आहे. मुलांना हे सांगितल्यावर एक जण म्हणाला, "बाई, आपल्याकडे तर आधीपासूनच आहे की, क कमळाचा!" खरंच आहे. आम्ही तीच यादी वापरतो.

सिनेमात 'ओव्हर अँड आउट' म्हणतात, ते नियमाला धरून नाही. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. 'आउट' म्हणजे संभाषण संपलं. दोन्ही एकदम कसं म्हणणार? आमच्या मुलांनी 'ओव्हर'साठी 'बोला' आणि 'आउट'साठी 'ठेवतो' असे शब्द ठरवले.

अखेर भिंतीवर लागलेले नियम असे :

- आधी ऐका. कोणी बोलत नसेल तरच बटण दाबा.
- बटण दाबा, मनात 'एक' म्हणा, मग बोला. बोलून झाल्यावर पुन्हा 'एक' म्हणा, मग सोडा.
- निरोप एका दमात, सात-आठ शब्दांत.
- ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणायचा. परत म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही.
- उत्तर आलं नाही तर लाल.

आजींना शिकवायला मुलंच गेली. आजी काही 'एक' म्हणत नाहीत. त्या बटण दाबून आधी "हां बाई, मी बोलतेय" म्हणतात, मग निरोप सांगतात आणि शेवटी "ऐकलं का" विचारतात. कापलं जायचं ते त्यांचं 'हां बाई' कापलं जातं. निरोप पूर्ण येतो. मी त्यांना आमचा नियम पुन्हा कधी सांगितला नाही.

पावसाळ्यातले दोन दिवस

लाल कधी म्हणायचं हेही आजींच्या अंदाजावर सोडलं नाही. पाणी फरशीच्या वर आलं की लाल, मग ते घोट्याएवढं का असेना. हिरवा असला तरी फरशीवर एक मोठं माणूस उभं असतंच. वॉकीटॉकी आली म्हणून ते बंद केलं नाही.

जुलैतल्या एका दिवशी पावणेपाचला आजींचा निरोप आला, "लाल." शाळेत लख्ख ऊन. मुलं दप्तरं भरून तयार. त्यांना पटेना, आणि खरं सांगायचं तर बघून मलाही पटलं नसतं. पण निरोप परत म्हटला, आजींनी पुन्हा "लाल" म्हटलं, विषय संपला. अकरा मुलं वऱ्हांड्यात बसली, खिचडीचे तांदूळ होते ते शिजवले. डोंगरावर झालेल्या पावसाचं पाणी फरशीवरून उतरायला साडेसात वाजले. वाडीतले पालक बॅटऱ्या घेऊन पलीकडे उभे होते. त्यांनाही आजींनीच सांगितलं होतं, की मुलं शाळेत आहेत, जेवली आहेत. त्यामुळे पाण्यातून अलीकडे यायचं धाडस कोणी केलं नाही. या सोयीचा हा उपयोग आम्ही आधी धरलाच नव्हता.

दुसरा दिवस ऑगस्टमधला. पाऊस नाही, पण वीज तीन दिवस गेलेली. पावणेपाचला हाक मारली, उत्तर नाही. पाच मिनिटांनी पुन्हा मारली, तरीही नाही. नियमाप्रमाणे लाल. सर स्वतः चालत ओढ्यावर गेले. फरशी कोरडी होती आणि आजींच्या संचाचे सेल उतरले होते. मुलं चाळीस मिनिटं उशिरा सुटली. एक पालक वैतागून म्हणाले, "उगाच थांबवलीत की, बाई." त्यांचं म्हणणं मला समजतं. घरी गुरं होती, अंधार होत होता. पण ज्या दिवशी उत्तर येणार नाही तो दिवस कोरडा आहे की पुराचा, हे शाळेत बसून कळायची सोय नाही. म्हणून नियम कोरड्या दिवशीही पाळावा लागतो. दुसऱ्या दिवशी आजींकडे साध्या सेलची जोडणी चिकटपट्टी लावून राखीव ठेवली, 'चार्ज करू नये' अशी खूण करून. नंतर तसा दिवस आला नाही.

वर्गात काय बदललं?

श्रवण, भाषण, वाचन, लेखन अशी चार कौशल्यं आपण डी.एड.ला पाठ केली. त्यातलं पहिलं आपण शिकवतो कमी आणि मागतो जास्त. 'लक्ष देऊन ऐका' एवढं म्हणून मोकळे होतो. वॉकीटॉकीने मला एक साधी पद्धत दिली, ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. आता गृहपाठ सांगितला की एक मूल तो स्वतःच्या शब्दांत परत सांगतं. त्यात पुष्कळदा माझं वाक्यच लांब आणि गोल होतं हे कळतं. आणि मुलंही एकमेकांचं बोलणं मध्येच तोडायची कमी झाली आहेत. पूर्णपणे थांबली असं म्हणणार नाही, शेवटी मुलंच ती.

ज्या पालकांच्या मोठ्या मुलांना यात रस वाटेल त्यांच्यासाठी हॅम रेडिओचा मार्ग आहे. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला सरकारची परीक्षा देऊन हौशी बिनतारी चालकाचा परवाना आणि स्वतःचं, 'व्हीयू'ने सुरू होणारं संकेतनाव मिळवता येतं. २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला तेव्हा पोर्ट ब्लेअरला असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या हॅम सहकाऱ्यांनी निरोप पोचवण्याचं मोठं काम केलं. पाचवीच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "त्या पण निरोप परत म्हणायला लावायच्या का?"

तुमच्याकडे संच नसले तरी हा पाठ घेता येतो. उद्याच्या परिपाठात दोन मुलांना पाठीला पाठ लावून उभं करा. एकाने नकार असलेला निरोप द्यायचा, आणि तुम्ही हात वर करून त्याचा पहिला किंवा शेवटचा शब्द गाळायला लावायचा. उरलेल्या शब्दांतून दुसऱ्याला काय समजलं ते फळ्यावर लिहा. मग वर्गाला विचारा, हा निरोप कापला तरी उलटा होणार नाही असा कसा सांगता येईल? मुलं काय काय सुचवतात ते लिहून ठेवा आणि आम्हालाही जरूर कळवा.